सुतात आलेलं इंजिन

चेसिसवरचे जुने ब्रॅकेट गॅसने कापून काढले आणि मेस्त्रींनी वरून हातोडीचे दोन ठोके दिले, तेव्हा चेसिसच्या पेटीसारख्या बंद भागातून भुरूभुरू माती पडली. बारीक, पिठासारखी, करडी. गॅरेजच्या तेलकट फरशीवर तिचा लहानसा ढीग झाला. २०१८ साल, दिवाळी संपून आठवडा झालेला. माझे वडील, आप्पा, कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते उठले, वाकले, चिमूटभर माती दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "ही आपली माती शे."

ती तापीची माती होती. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला, उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. आमचं घर लिंबायतला, पण आमची मालवाहू पिकअप त्या दिवशी नदीपलीकडे अडाजणला होती. कापडाचे ताके उतरवून परत फिरायच्या आत रस्ते बंद झाले. आप्पा एका ओळखीच्या माणसाच्या गच्चीवर गेले आणि तिथून तीन दिवस आपल्या गाडीचं फक्त छप्पर पाहत राहिले. गाडी नंतर धुतली, पुसली, रंगवली. चेसिसच्या पोटात राहिलेला गाळ मात्र बारा वर्षं आमच्याबरोबर फिरत होता.

तापी मुलताईला उगम पावते आणि बऱ्हाणपूर, भुसावळ करत आमच्या चोपडा तालुक्याच्या कडेने खाली सुरतेकडे येते. म्हणून आप्पांनी ती माती आपली म्हटली. वाटेत उकाईचा जलाशय आहे आणि वरून येणारा बराचसा गाळ तिथेच बसतो, हे मला माहीत होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

शाळेच्या पुस्तकात सुरत येते ती १६६४ सालच्या धड्यातून. आमच्या गावाला सुरत माहीत झाली ती भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांतली माणसं ट्रंक आणि वळकटी घेऊन उधन्याला उतरली आणि यंत्रमागांवर उभी राहिली. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आजही गल्लीतून चालताना अहिराणी कानावर पडते, श्रावणात घराघरात कानबाई बसते. आप्पांनी बारा वर्षं माग चालवले. बंद शेडमध्ये शेकडो धोटे एकाच वेळी आपटत असतात. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. ऐकू येणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी माग सोडला आणि १९९६ मध्ये साठवलेल्या पैशांतून, थोडं कर्ज काढून, महिंद्राची जुनी पिकअप घेतली. १९९१ चं मॉडेल, जीजे-५ ची पाटी.

गल्लीत तिला सगळे टेम्पोच म्हणायचे. हा शब्द मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो उभी राहिली, पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या आणि मालाची कुठलीही छोटी गाडी मराठीत आणि गुजरातीत टेम्पो झाली. आमचा टेम्पो महिंद्राचा होता आणि त्याचं इंजिन मूळचं फ्रेंच. प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. महिंद्राने १९७९ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि ते इंजिन इगतपुरीला बनू लागलं. जळगावहून मुंबईला जाताना इगतपुरी स्टेशन आलं की आप्पा खिडकीबाहेर बोट दाखवून मला सांगायचे, आपल्या गाडीचं काळीज इथलं आहे. धुक्यात मला काही दिसायचं नाही. तरी दर वेळी मी त्या दिशेला पाहायचो.

कान गेलेल्या माणसाने इंजिन कसं ओळखावं? आप्पा बॉनेटवर तळहात ठेवायचे. सकाळी हीटर तापवून सेल्फ मारला की खाली उतरून आधी हात ठेवायचे, थरथर अजमावायचे आणि सांगायचे की तिसऱ्या नोझलला त्रास आहे. बहुतेक वेळा तिसऱ्याच नोझलला त्रास असायचा.

या इंजिनाचा घात माझ्या हातून झाला. पूर ओसरल्यावर गाडी काढायला मी गेलो होतो. आप्पांनी बजावलं होतं की काही करू नकोस, आधी नोझल काढून पाणी बाहेर काढायचं. मी तेवीस वर्षांचा होतो. बॅटरी दुसरीकडून आणली, जोडली आणि चालू होतं का ते पाहण्यासाठी किल्ली फिरवली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर चढतो, तेव्हा त्याला जायला जागा नसते आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. एक जाड, दबका आवाज आला. दुसऱ्या सिलिंडरचा रॉड वाकला होता. आप्पा मला काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन उतरवून घेतलं, रॉड बदलला, बोअर करून घेतलं, बेअरिंगं टाकली. पुढची बारा वर्षं ते इंजिन चाललं, पण तेल पीत, धूर टाकत आणि दर पावसाळ्यात थोडं आणखी थकत. बॉनेटवर हात ठेवणं आप्पांनी हळूहळू बंद केलं. मला ते कळत होतं.

म्हणून इंजिन बदलायचं मीच काढलं. गाडी विकून नवी घे, असं सगळ्यांनी सांगितलं. हिशोबाने ते बरोबरही होतं, कारण इंजिनाचा आणि मजुरीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होणार होता. पण जे मी मोडलं ते मला दुरुस्त करायचं होतं.

उधन्याच्या मेस्त्रींचं वय पंचावन्नच्या पुढे, जन्म सुरतेतच गेलेला. हिंदी, गुजराती आणि आमच्यासारख्यांच्या सहवासाने आलेली थोडी खानदेशी असं मिसळून ते बोलतात. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. मॅटाडोरचं इंजिन, म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६. दणकट, पण तेही आता जुनंच. दुसरी वाट महिंद्राच्याच डीआय इंजिनाची. २५२३ सीसीचं हे इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, म्हणून कमी फेऱ्यांत जास्त ओढणारं. पंप यांत्रिक, वायरिंग जवळजवळ नाही, शेतकऱ्यालाही दुरुस्त करता येईल असं. आणि तिसरी वाट त्याच मापाच्या कॉमन रेल इंजिनाची.

डीआय निवडायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा मला धूर नको होता. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलच्या दारात गाडी उभी असली की आपल्याच सायलेन्सरचा काळा धूर हमालांच्या तोंडावर जाताना मी लहानपणापासून पाहिला होता. आमच्या जुन्या इंजिनात पंप आपल्या यांत्रिक वेळेने नोझलकडे डिझेल ढकलायचा आणि शंभर-सव्वाशे बारच्या दाबाला नोझल उघडायचं. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत डिझेल हजार बारच्याही वर दाबून तयार ठेवलेलं असतं आणि कुठलं नोझल कधी, किती क्षण उघडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. थेंब जितका बारीक होतो तितका तो पुरता जळतो. धूर कमी, आवाज कमी, डिझेलही कमी. उलटलेल्या एका पिकअपचं इंजिन मिळालं. गिअरबॉक्सला तडा होता, इंजिन शाबूत होतं. पावती, इंजिन नंबर, विमा कंपनीचा कागद, सगळं नीट पाहून घेतलं.

आता जोडायचं कसं, इथून खरं काम सुरू झालं.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की एक इंजिन काढायचं आणि दुसरं ठेवायचं. चेन पुलीला लटकवून नवं इंजिन पहिल्यांदा खाली सोडलं तेव्हा त्याचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या पट्टीवर टेकलं, फॅन रेडिएटरच्या जाळीत घुसला आणि टर्बोची नळी स्टिअरिंगच्या रॉडला लागली. वर घ्या. पुन्हा सोडा. पुन्हा वर. त्या दिवशी ते नऊ वेळा उतरवलं आणि नऊ वेळा उचललं. प्रत्येक वेळी मेस्त्री खडूने चेसिसवर खूण करायचे आणि पोरांना सांगायचे, दोन सूत मागे, एक सूत डावीकडे.

सुरतेत सूत म्हणजे धागा, सगळं शहर त्यावर जगतं. गॅरेजात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ब्रॅकेट बसवताना एखाद्या सुताचा फरक रबराच्या माउंटिंगमध्ये जिरून जातो. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट जिथे भेटतात तिथे मात्र सूत हे फारच मोठं माप आहे. आमचा जुना गिअरबॉक्स ठेवायचा होता आणि त्याची बेल हाउसिंग नव्या इंजिनाच्या पाठीवर बसत नव्हती, भोकं जुळत नव्हती. मधे एक लोखंडी प्लेट लागणार होती. एका तोंडाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या तोंडाला गिअरबॉक्सची आणि दोघांचं केंद्र एकच. केंद्र हलकंसं जरी सरकलं तरी गाडी चालू होते, गिअर पडतात, पहिले काही महिने कळतही नाही. मग क्लच प्लेटचे दाते झिजून जातात, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग जळतं आणि एक दिवस घाटात शाफ्ट तुटतो.

ती प्लेट उधना उद्योगनगरातल्या एका टर्नरने करून दिली. तो एरवी यंत्रमागांचे सुटे भाग करतो. मागाच्या शाफ्टमध्ये किंचित वाक असेल तर कापडात रेघ येते आणि व्यापारी ताका परत पाठवतो. सरळपणाची पारख त्याला अशी कापडाने शिकवलेली. त्याने प्लेट लेथवर धरली, डायल गेज लावलं आणि काट्याकडे बघत चकचा एक जबडा किंचित सैल केला, दुसरा किंचित आवळला. काटा थरथरत होता. अर्धा तास त्याने कापायला सुरुवातच केली नाही. शेवटी काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत स्थिरावला. माणसाचा केस साधारण सात-आठ शतांश मिलिमीटर जाड असतो. आप्पा लेथजवळ उभे राहून सगळं पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हा मागावर असता तर मुकादम झाला असता."

त्या टर्नरच्या दुकानावर पाटीसुद्धा नाही. देशातल्या किती गाड्या, पंप, माग आणि गिरण्या अशा बिनपाटीच्या लेथवर पुन्हा जुळून आल्या असतील! या माणसांच्या हातातलं ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नाही आणि त्यांच्यानंतर ते कोण शिकणार, ही काळजी मला मनापासून वाटते.

वायरिंगला इंजिनापेक्षा जास्त दिवस लागले. जुन्या गाडीत वायरी होत्या त्या दिव्यांना, हॉर्नला, सेल्फला आणि हीटरला. आता क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, रेलच्या दाबाचा सेन्सर, ॲक्सिलरेटरच्या पायाखाली केबलऐवजी वायर आणि मूळ गाडीची किल्ली ओळखल्याशिवाय डिझेल न सोडणारा कॉम्प्युटर. वायरमन दोन रात्री जमिनीवर आडवा पडून रंग जुळवत होता. डिझेलची टाकी उघडली तर तळाशी गंज आणि पुन्हा तोच करडा गाळ. जुन्या इंजिनाने हे सगळं पचवलं होतं. कॉमन रेलच्या नोझलला त्यातला एक कण पुरतो. टाकी नवी केली, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला.

मी सेल्फ मारायला अधीर झालो होतो. मेस्त्रींनी किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "पहेलां ब्रेक, पछी सेल्फ." नव्या इंजिनाची ओढ जुन्याच्या दीडपट तरी होती. चारही चाकांना तेच जुने ड्रम. ओढणारं बळ वाढवायचं आणि थांबवणारं तसंच ठेवायचं, तर ती गाडी दुसऱ्या कुणाचा तरी जीव घेईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी मास्टर सिलिंडर बदलला, बूस्टर बसवला, त्याला लागणारा व्हॅक्यूम पंप जोडला, ड्रम घासून घेतले, नवे लायनर टाकले. मागचे पाटे बदलले. प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून आणला. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही, आप्पांच्या दिली.

आप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. ते मात्र तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चालू नाही झालं का?"

त्यांना ऐकू आलं नव्हतं आणि सीटखालची ओळखीची थरथरही जाणवली नव्हती. मी त्यांना खाली उतरवलं, पुढे नेलं आणि त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. ते डोळे मिटून बराच वेळ उभे होते. मेस्त्री मागून म्हणाले, "काका, चालशे." गुजरातीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. गाडी चालेल, आणि एवढं पुरे, भागेल. आप्पांनी हात काढला नाही. म्हणाले, "कुठलंच नोझल वेगळं लागत नाही रे."

गॅरेजमागच्या मोकळ्या आवारात गाडी चालवून पाहिली आणि कागद घेऊन मी परिवहन कार्यालयात गेलो. तिथे मला माझी दुसरी चूक कळली. मी विचारायला नंतर गेलो होतो. अधिकारी समंजस होते, त्यांनी शांतपणे समजावलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच प्रकारचं इंजिन असतं तर परवानगी घेऊन नोंद झाली असती. हे वेगळ्या क्षमतेचं, वेगळ्या जातीचं इंजिन होतं. पुढे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा हाच अर्थ स्पष्ट केला. आशेला जागा राहिली नाही.

या कायद्यावर माझा राग नाही. ब्रेक न बदलता मोठं इंजिन घातलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि रस्ता सगळ्यांचा असतो. तरी एक मागणी मी करतो. डिझेल गाडीला सीएनजीवर नेण्यासाठी मान्यताप्राप्त किट आहेत, विजेवर नेण्यासाठीही नियमांत वाट आहे, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत तपासणीची सोय आहे. त्याच कंपनीचं, जास्त स्वच्छ जळणारं इंजिन जुन्या गाडीत नीट बसवलं असेल, तर एकेका गाडीची ब्रेकपासून धुरापर्यंत कडक तपासणी करून नोंद देणारी वाट का नसावी? नापास होणारी गाडी खुशाल भंगारात जाऊ द्या. उधन्याच्या त्या मेस्त्रींचं काम कुठल्याही तपासणीला उभं राहिलं असतं. त्यांना ती संधी मिळायला हवी होती.

आम्ही आरसी जमा केली. गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हे आप्पांनीच ठरवलं. मार्च महिन्यात एका मोठ्या ट्रकवर चढवून, दोरखंडांनी बांधून ती गावाकडे नेली. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. मी आणि आप्पा ट्रकच्या केबिनमध्ये होतो. कोंडाईबारीचा घाट लागला. जुन्या इंजिनाने याच घाटात दर वेळी पहिल्या गिअरवर येऊन दम टाकला होता, रेडिएटर उकळला होता, आईने मागून बाटलीतलं पाणी पुढे दिलं होतं. नवं इंजिन हा घाट तिसऱ्यात चढलं असतं. आता ते ओझं होऊन चढत होतं. आप्पांनी वळून मागच्या काचेतून गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागले. साक्री येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

आता ती चोपडा तालुक्यात आमच्या शेतात असते. केळीचे घड कापले की मळ्यातून बांधापर्यंत आणते, खताची पोती आत नेते. शेताबाहेर जात नाही. आप्पांचं वय झालं आहे, ऐकू जवळजवळ येत नाही, पण काढणीच्या दिवसांत सकाळी तेच किल्ली फिरवतात आणि खाली उतरून बॉनेटवर हात ठेवतात.

तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल आणि तिच्यात नवं इंजिन घालायचं मनात असेल, तर आधी आरसी घेऊन परिवहन कार्यालयात जा आणि काय चालेल ते लेखी विचारा. लेखी उत्तर हातात आल्यावरच मेस्त्रीकडे जा. आणि मेस्त्री असा गाठा जो किल्ली तुमच्या हातात देण्याआधी ब्रेक उघडून बघेल.